एका यंत्रांत चार बिऱ्हाडें

संगणक घेण्याचा प्रश्न घरांत निघाला म्हणजे दुकानदाराचें सांगणें व किंमतीचा आंकडा यांवरच बहुधा निर्णय होतो. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत असेल, तर तेवढ्यानें भागत नाहीं. अभ्यासासाठीं त्यांना विंडोज, लिनक्स अशा निरनिराळ्या कार्यप्रणाली एकाच वेळीं चालवाव्या लागतात. त्याच यंत्रावर आजोबांचे बँकेचे व्यवहार व सूनबाईंचें कचेरीचें कामहि व्हावयाचें असतें. एकाच्या प्रयोगानें दुसऱ्याचे कागद नाहींसे होऊं नयेत, यासाठीं जी सोय आहे तिला आभासी यंत्र म्हणतात.

जुन्या पुणेरी वाड्यांत चार बिऱ्हाडें नांदत, तशीच ही रचना होय. विहीर एक, दिंडीदरवाजा एक. परंतु चुली निराळ्या. एका बिऱ्हाडांत कांहीं बिघडलें तरी शेजाऱ्यास सहसा झळ लागत नाहीं. शिवाय प्रयोगापूर्वींची स्थिति नोंदवून ठेवली असेल, तर प्रयोग फसल्यावर तेथें पुन्हां परततां येतें.

कल्पना नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें आपल्या मोठ्या संगणकांसाठीं ही सोय १९७२ सालीं बाजारांत आणली. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्यें मात्र तिला अनुकूल घडण नव्हती. ती इंटेलनें २००५ मध्यें व ए. एम. डी. नें २००६ मध्यें प्रोसेसरांतच घातली.

योग्य यंत्र निवडण्याचें महत्त्व आहुपे यासारख्या गांवीं विशेष जाणवेल. आंबेगांव तालुक्यांतील हें गांव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. कड्याखालीं कोंकणपट्टी, तालुक्याचें ठिकाण घोडेगांव पूर्वेस, डिंभे धरणाच्या पलीकडे. कोणी म्हणेल, दूरच्या कंपनीचें आभासी यंत्र भाड्यानें मिळत असतां घरीं कशास घ्यावें? परंतु तें भाड्याचें घर इंटरनेटच्या आधारावर उभें असतें. आषाढांतल्या पावसांत तो आधार तुटला, कीं अभ्यास थांबला. घरच्या यंत्रास वीज असली म्हणजे पुरे. मात्र तें चुकीचें निघाल्यास बदलण्यासाठीं पुन्हां दूरची खेप पडते. म्हणून खरेदीचें सूत्र एकच: जें मागाहून बदलतां येणार नाहीं, तें आधीं पाहावें.

पहिला मान प्रोसेसरचा. इंटेलच्या यंत्रांत व्हीटी-एक्स किंवा ए. एम. डी. च्या यंत्रांत एएमडी-व्ही ही शक्ति असलीच पाहिजे. नव्या यंत्रांत ती बहुतेक असते. जुनें यंत्र घेतांना मात्र खात्री करावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें परफॉर्मन्स या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढें ‘एनेबल्ड’ असें दिसावें. ‘डिसेबल्ड’ दिसल्यास यंत्रास लगेच सदोष ठरवूं नये. बायॉसमध्यें ती सोय केवळ बंद ठेवलेली असूं शकते. कोअर निदान चार असावेत. २०२० पासून निघालेल्या ॲपलच्या एम-मालिकेची घडण निराळी आहे. इंटेलच्या घडणीसाठीं लिहिलेली कार्यप्रणाली तीवर फार मंद चालते. यास्तव अभ्यासक्रमास काय लागतें, हें महाविद्यालयांत आधीं विचारावें.

दुसरा मान रॅमचा. प्रोसेसर सर्व बिऱ्हाडांना पाळीपाळीनें वापरतां येतो. रॅमचा वांटा मात्र बहुधा ज्याचा त्याला तोडून द्यावा लागतो. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम हवी. मूळ यंत्रास ८ व दोन आभासी यंत्रांस प्रत्येकीं ४ धरली, तर १६ जीबी होते. याहून कमी घेऊं नये. ३२ मिळाल्यास उत्तम. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम डाक देऊन पक्की बसविलेली असते, ती पुढें वाढवितां येत नाहीं. ती वाढवितां येते कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वीं विचारावें.

तिसरी गोष्ट साठवणीची. एकट्या विंडोज ११ ला ६४ जीबी जागा लागते, म्हणून ५१२ जीबीची एस. एस. डी. घेणें बरें. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क दोन प्रणालींची मागणी एकदम आली, कीं रेंगाळते. पैशाची ओढाताण असल्यास काटकसर साठवणीच्या आकारांत करावी, कारण ती बहुधा मागाहून वाढवितां येते. महागडें ग्राफिक्स कार्ड या कामास लागत नाहीं. तो पैसा रॅमकडे वळवावा. व्हर्च्युअलबॉक्स व लिनक्स हीं विनामूल्य मिळतात.

यंत्र घरीं आल्यावर घरचे व्यवहार मूळ प्रणालींत ठेवावे आणि मुलांना आभासी यंत्रांत हवी तेवढी मोडतोड करूं द्यावी. त्याशिवाय ही विद्या हातीं येत नाहीं. मात्र वाड्यासच आग लागली, तर चारहि बिऱ्हाडें जातात. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून दूर, कपाटांत ठेवावी. ही डिस्क यंत्राबरोबरच विकत आणलेली बरी.