गढूळ पाण्याचा हिशेब

जूनमधला पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की ओढा चहाच्या रंगाचा होऊन वाहतो आणि पारावर चर्चा रंगते ती पाणी किती आलं याची. पाण्याबरोबर काय गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही. हेक्टरभर रानातून एक मिलिमीटर माती निघून गेली, तर तिचं वजन सुमारे १३ टन भरतं. एवढी माती जाऊनही शेत कालच्यासारखंच दिसतं, म्हणून पहिला गैरसमज पक्का बसतो: ‘आमच्या रानात घळ नाही, म्हणजे धूप नाही.’ घळ पडते ती फार उशिरा. त्याआधी कितीतरी पावसाळे थर पातळ होत गेलेला असतो. उताराच्या वरच्या अंगाला मुरूम उघडा पडू लागला, पीक तिथंच आधी सुकू लागलं, की समजावं.

धुपेची सुरुवात वाहत्या पाण्याने होते, हेही अर्धंच खरं. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आपटतो. पावसानंतर घराच्या भिंतीचा खालचा हातभर भाग पाहा. मातीचे शिंतोडे तिथवर उडालेले असतात. शेतातही तेच घडतं. ढेकूळ फुटतं, बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात, वर पापुद्रा धरतो, आणि पुढचं पाणी जिरायचं सोडून पळू लागतं. थेंब आणि माती यांच्यामध्ये पीक, गवत किंवा पालापाचोळा असेल, तर हा सगळा प्रकार तिथंच ढिला पडतो. नुसती उंच झाडं मात्र पुरत नाहीत. सागाच्या रुंद पानांवरून ठिबकणारे टपोरे थेंब खालची उघडी जमीन चांगलीच उकरतात.

‘आमचं रान सपाट आहे’ हे उत्तरही ठरलेलं. नजरेला न जाणवणारा ढाळ जर लांबच लांब असेल, तर खाली जाईपर्यंत पाणी गोळा होत जातं आणि जोर धरतं. त्यात आपल्या वाटण्या. वरची हलकी आणि खालची भारी जमीन प्रत्येकाच्या वाट्याला यावी, म्हणून पुष्कळ ठिकाणी शेताचे पट्टे उताराच्या दिशेनेच पडले. अरुंद पट्ट्यात ट्रॅक्टर आडवा फिरवणं जिकिरीचं, म्हणून नांगरट-पेरणीही उभीच होते आणि प्रत्येक तास पाण्याची वाट बनतो. भावाभावांत न्याय झाला, मातीचं काय होईल हे वाटणीत कुणी धरलंच नव्हतं.

मग बांध. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, पुढे समपातळी बांधबंदिस्तीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. मध्यम आणि हलक्या जमिनीत त्यांचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात रानाबरोबर बांधालाही भेगा पडतात, पाणी त्यातून वाट काढतं आणि बांध फुटतो. टिकला, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून जमीन चिबडते. शिवाय दोन बांधांमधलं रान उघडंच असेल, तर थेंबाचा मार चालूच.

सोलापूरकडच्या भारी जमिनी खरिपात पड ठेवून रब्बीत ज्वारी घेण्याची रीत जुनी आहे. शेतकऱ्याचं कारण खरं आहे: काळी माती भिजली की वापसा येत नाही, काम करता येत नाही. पण ‘पड ठेवली की जमीन विसावा घेते’ हे मान्य करणं कठीण आहे, कारण ऐन पावसाळ्यात ती उघडी असते. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून अशाच काळ्या जमिनीवर पड ठेवण्याची आणि पावसाळ्यातही पीक घेण्याची, अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून मोजल्या. खरीप पड ठेवलेल्या रानातून वर्षाला हेक्टरी सहा टनांहून जास्त माती गेली. रुंद वरंबा-सरी करून पावसाळ्यातही पीक घेतलेल्या रानातून गेली ती दीड टनाच्या आसपास, आणि धान्याचं उत्पादन कितीतरी पट जास्त आलं. आज सोयाबीनसाठी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने पेरणी होते, ती याच रुंद वरंब्यांवर.

सगळ्यांत लाडका समज जेसीबीचा: नाला खोल केला की गाव पाणीदार. खालचा कातळ भेगाळलेला असेल, तर पाणी मुरतंही. अखंड कातळ लागला, तर खड्डा उरतो. म्हणूनच आधी डोंगरावर आणि शेवटी नाल्यात काम करायच्या ‘माथा ते पायथा’ या क्रमाला अर्थ आहे. हिवरे बाजार या गावाने आधी डोंगरावर चर खोदले, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळली. आणि तेवढ्यावर न थांबता दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. फोटोत चर येतात, ताळेबंद येत नाही.

धरणातला गाळ शेतात पसरला म्हणजे गेलेली माती परत आली, असंही म्हणतात. गाळात बारीक चिकण कण जास्त असतात. मुरमाड रानात त्याने ओल टिकते. आधीच भारी असलेल्या काळ्या रानात निचरा आणखी बिघडतो. आणि धरणाच्या वरच्या अंगाचं रान जूनमध्ये उघडंच असेल, तर गाळ काढून केलेली जागा त्याच पावसाळ्यात पुन्हा भरू लागते.