जमिनीतील क्षारांची नावे व त्यांचा अर्थ

पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराचे पाणी डाव्या व उजव्या कालव्यांनी मराठवाड्याच्या काळ्या जमिनीस मिळू लागले. पाण्याने पीक वाढते हे खरे. परंतु भारी जमिनीत निचरा नसेल व पाणी बेताने दिले नाही, तर भूजलाची पातळी वर चढते. त्या पाण्याबरोबर क्षारही वर येतात व पाणी उडून गेल्यावर वरच्या थरात साचून राहतात. अशा जमिनीच्या माती परीक्षणाच्या अहवालात आणि खताच्या पोत्यावर सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, कार्बोनेट, सल्फेट अशी नावे वाचावयास मिळतात. ती केवळ पाठ करून उपयोग नाही. ती कशी बनतात हे ध्यानी आले, म्हणजे योग्य उपाय निवडणे सुलभ होते.

नावाचे दोन भाग

साधा क्षार दोन भागांचा बनलेला असतो. एका भागावर धन विद्युत्भार असतो, तर दुसऱ्यावर ऋण. या भारित कणांस आयन म्हणतात. नाव घेताना धन आयन प्रथम व ऋण आयन नंतर, असा नियम आहे. धन आयन बहुधा धातूचा असून त्याचे नाव बदलत नाही. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल, तर नावाच्या शेवटी ‘आइड’ येते. जसे क्लोरीनपासून क्लोराइड. म्हणून जेवणातील मीठ हे सोडियम क्लोराइड होय. ऋण आयनात दुसऱ्या मूलद्रव्याबरोबर ऑक्सिजन असेल, तर शेवटी बहुधा ‘एट’ येते. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. अमोनियम हा धातू नसूनही धातूच्या जागी बसतो. अमोनियम सल्फेट हे खत त्याचे उदाहरण होय.

सोडियमचा धनभार १ व कॅल्शियमचा २ असतो; क्लोराइडचा ऋणभार १ व सल्फेटचा २ असतो. दोन्ही बाजूंचे भार सारखे व्हावे लागत असल्यामुळे एका कॅल्शियमबरोबर दोन क्लोराइड असतात. तथापि ही संख्या नावात सांगत नाहीत. कॅल्शियम क्लोराइड एवढेच म्हणतात. लोहाचा भार मात्र २ किंवा ३ असू शकतो. म्हणून पहिल्यास फेरस व दुसऱ्यास फेरिक अशी वेगळी नावे आहेत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट.

जोडीदारांची अदलाबदल

चोपण जमीन पावसात निसरडी व उन्हात टणक होते, पाणी मुरत नाही आणि सामू सामान्यतः ८.५ हून अधिक असतो. मातीच्या कणांस चिकटलेला सोडियम त्या कणांची घडण मोडतो, हे याचे कारण होय. अशा जमिनीत सोडियम कार्बोनेटही आढळते. तीत जिप्सम मिसळले असता पुढीलप्रमाणे बदल घडतो :

सोडियम कार्बोनेट + कॅल्शियम सल्फेट = कॅल्शियम कार्बोनेट + सोडियम सल्फेट

येथे नावांचे पहिले भाग आपापले जोडीदार बदलतात. मातीच्या कणांवरील सोडियमची जागाही कॅल्शियम घेतो. तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्यात सहज विरघळते. परंतु ते मुळांच्या थराबाहेर वाहून जाण्यासाठी चर काढून निचरा करणे अत्यावश्यक आहे. निचऱ्याविना टाकलेले जिप्सम बव्हंशी व्यर्थ जाते.

याउलट, केवळ खारवट जमिनीत सोडियम क्लोराइडसारखे विद्राव्य क्षार साचलेले असतात, पण सामू फार वाढलेला नसतो. तेथे जिप्समची गरज नसते. चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच मुख्य उपाय होय. दोन्ही जमिनींत सोडियम असतो, परंतु त्याचा जोडीदार निराळा असल्यामुळे उपायही निराळा ठरतो.

पोत्यावरील नाव

म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड व सल्फेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम सल्फेट. पालाश दोहोंतून मिळते. मात्र मोसंबीसारख्या फळझाडांस अधिक क्लोराइड सोसत नाही. म्हणून खारवटपणाकडे झुकलेल्या जमिनीतील मोसंबीच्या बागेस दुसरे खत महाग असले तरी अधिक सुरक्षित असते.

शेतकरी बंधूंनी नावाचे दोन्ही भाग वाचण्याची सवय लावून घ्यावी. पहिला भाग पाहून खत घेतले व दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर पैसा खर्च होऊनही जमीन बिघडण्याचा संभव असतो. जिप्समची मात्रा शेजाऱ्याच्या शेतावरून ठरवू नये. आपल्या शेताची माती तपासून, अहवालाप्रमाणेच ती द्यावी.