परमुलखी जाताना

आपला देश फार मोठा आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतच 22 भाषा आहेत. बोली तर त्याहून कितीतरी अधिक. अशा देशात पहिल्यांदा प्रवासाला निघणाऱ्याने कसे वागावे? हे शिकण्यासाठी काश्मीर किंवा केरळ गाठायला नको. आपला वसई तालुका पुरेसा आहे.

सुमारे 1100 वर्षांपूर्वी बगदादचा प्रवासी अल-मसऊदी आपल्या किनाऱ्यावर आला होता. त्याने एक गोष्ट नेमकी टिपली. राजधानी मान्यखेट येथील लोक एक भाषा बोलतात; चौल, सोपारा आणि ठाणे या बंदरांत मात्र दुसरीच बोलली जाते, असे त्याने लिहून ठेवले. सोपारा म्हणजे आजचे आपले नालासोपारा! ज्याचे कान उघडे असतात, तोच खरा मुसाफिर.

तुम्हीही पोशाख किंवा धर्म पाहून कोणाची भाषा ठरवू नका. वसईच्या चर्चमध्ये मराठीत प्रार्थना होते. येथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची घरची बोली एकच, ती म्हणजे कादोडी. पाचूबंदरच्या कोळ्यांची बोली निराळी, आणि तुंगारेश्वरच्या बाजूच्या वारली पाड्यांतली आणखी निराळी.

तुमचे काही उर्दू शब्द मराठीत जसेच्या तसे चालतात. मुक्काम, सामान, तारीख हे शब्द बेधडक वापरा. पण जरा जपून! उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत 'खाली' म्हणजे नीचे. कंडक्टर "खाली उतरा" म्हणाला, तर रिकामी जागा शोधत बसू नका.

प्रार्थनास्थळांचा अदब सगळीकडे सारखा नसतो. मशिदीत आणि मंदिरात जोडे बाहेर काढतात. गुरुद्वारात जोडे काढून डोकेही झाकावे लागते. चर्चमध्ये मात्र पुरुष टोपी काढतात. म्हणून दारात क्षणभर थांबा आणि आतले लोक काय करतात ते पाहा. तेही न कळले, तर विचारा. विचारणाऱ्यावर सहसा कोणी रागावत नाही.

जेवणाचेही तसेच. न चालणारा पदार्थ ताटात आला तर नाक मुरडू नका. "आमच्यात हे खात नाहीत," एवढे हसून सांगावे. वसईचा यजमान मग सुकेळी पुढे करील. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. ती मात्र नाकारू नका! मासळी वाळत घालणाऱ्या कोळणींचा फोटो काढायचा असेल, तर आधी परवानगी घ्या. तुमच्या अम्मीचा फोटो कोणी न विचारता काढला, तर तुम्हाला आवडेल का?

सामान मोजके असावे. संध्याकाळी मुंबईहून सुटणाऱ्या विरार लोकलमध्ये मोठी पेटी घेऊन चढणे म्हणजे स्वतःला आणि इतरांना त्रास देणे. दुपारची गाडी बरी.

समुद्राच्या बाबतीत तर स्थानिक माणसाचाच शब्द माना. भरती-ओहोटी त्याला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, तेथे नावेने जावे लागते. परतीची शेवटची नाव किती वाजता निघते, हे चढण्यापूर्वीच नावाड्याला विचारून घ्या.