देहाच्या तक्रारी, लेखांक सातवा : मुंग्या, बधिरता आणि रक्ताभिसरण

हातापायांना वरचेवर मुंग्या येऊ लागल्या, तळवा आपला नसल्यासारखा वाटू लागला आणि दोन-चार तपासण्या करूनही कारणाचा पत्ता लागला नाही, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांपासून औषधांच्या दुकानातील माणसापर्यंत प्रत्येकाच्या मुखी एकच निदान येते : रक्त नीट फिरत नाही. मागील लेखांकात पोटऱ्यांत रात्री येणाऱ्या गोळ्यांचा विचार करताना याच समजुतीशी आपली गाठ पडली होती. आज तिची रीतसर शहानिशा करावयाची आहे. माझा अभिप्राय आरंभीच नमूद करतो. ज्या बधिरतेसोबत वेदना नाही, गारठा नाही, कातडीच्या रंगात पालट नाही, ती बधिरता मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे क्वचितच उद्भवते. तिचे मूळ बहुतांशी मज्जातंतूंत असते. तथापि रक्त आणि मज्जातंतू यांचा संबंध इतका निकटचा आहे, की एवढ्या उत्तरावर हा मामला निकालात काढता येत नाही.

मांडी घालून बराच वेळ बसले की पाय बधिर होतो, आणि रक्त अडले असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणण्यात तथ्य किती, याचा पद्धतशीर तपास लंडनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ सर टॉमस लुइस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केला आणि १९३१ साली तो प्रसिद्ध झाला. दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो इतका फुगवावयाचा की खालच्या हातात रक्त मुळीच उतरू नये, आणि मग त्या हाताच्या संवेदनांची पुनःपुन्हा परीक्षा घेत राहावयाचे, असा तो प्रयोग होता. पहिली काही मिनिटे विशेष असे काही घडत नाही. पाव तासाच्या सुमारास बोटांच्या टोकांचा स्पर्श हरपू लागतो, ती बधिरता हळूहळू मनगटाकडे व तेथून कोपराकडे सरकते, हाताची शक्ती ओसरते, आणि टोचल्याची वेदना मात्र त्यानंतरही काही काळ शाबूत राहते. यावरून लुइस यांनी काढलेला निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. बोटे बधिर होतात ती बोटांना रक्त मिळत नाही म्हणून नव्हे, तर पट्ट्याखाली सापडलेल्या मज्जातंतूच्या तेवढ्या भागाचा स्वतःचा रक्तपुरवठा तुटतो म्हणून. प्रत्येक मज्जातंतूला पोसणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे त्याच्याच अंगावर असते; ते बंद पडले की संवेदना लुप्त होते, आणि पुन्हा वाहू लागले की क्षुब्ध झालेला मज्जातंतू अनावर संदेश धाडू लागतो. पाय मोकळा केल्यानंतर उठणाऱ्या मुंग्या त्या याच.

मग मोठ्या धमन्या खरोखरच अरुंद झाल्या, तर काय होते? याचे उत्तर प्रथम मिळाले ते घोड्याच्या बाबतीत. बुले नामक फ्रेंच पशुवैद्याने १८३१ साली अशा एका घोड्याची हकीकत लिहून ठेवली, की जो थोडे अंतर दौडल्यावर लंगडू लागे आणि विश्रांती मिळताच पूर्ववत होई. त्याच्या मागील पायांची धमनी अवरुद्ध झालेली होती. १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी हेच लक्षण मनुष्यात ओळखले. ठराविक अंतर चालले की पोटरीत वेदना उठते, दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले की ती शमते, आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर ती परत हजर होते. या चित्रात प्रमुख स्थान वेदनेचे आहे, बधिरतेचे नाही. चालताना पाय जड व बधिर होत असेल, पण नुसते उभे राहून आराम न पडता खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच पडत असेल, तर दोष बहुधा धमनीत नसून कण्यात, मणक्यांमधली पोकळी अरुंद झाल्यात असतो. अशा माणसाला पायी चालवत नाही, परंतु हँडलवर वाकून सायकल मात्र खुशाल चालवता येते. रोग्याला हा एवढा एक प्रश्न विचारला, तरी निम्मे निदान हाती येते.

रक्तपुरवठ्याची प्राथमिक खातरजमा घरीही होऊ शकते. पावलाच्या पाठीवर, आंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यातून घोट्याकडे जाणाऱ्या रेषेच्या मध्यावर दोन बोटे अगदी हलकेच टेकवावी. जोर दिला तर आपल्याच बोटांतील ठोका भासतो. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. दोन्ही ठिकाणी नाडी स्पष्ट लागत असेल, पाऊल उबदार असेल, तर मोठ्या धमन्यांवरचा संशय पुष्कळसा दूर होतो. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही हाताला लागत नाही, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नये. डॉक्टर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे प्रमाण काढतात, ते ०.९ किंवा त्याहून कमी भरल्यास धमनीविकाराचा पुरावा मिळाला असे समजतात. तरुण वयात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या धमन्या बंद पाडणारा एक दारुण विकार आहे, त्याचे सविस्तर वर्णन लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कला केले. बोटे काळी पडून कापावी लागतात अशी त्याची परिणती. आणि तंबाखू संपूर्ण सोडण्यासारखा दुसरा इलाज त्यावर नाही.

मधुमेहात मात्र रक्त आणि मज्जातंतू हा भेदच पुसट होतो. वाढलेली साखर मज्जातंतूंना साक्षात अपाय करते आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांनाही बाधा पोचवते. म्हणून बधिरता दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर सरकत असेल, तर प्रथम साखर तपासावी, आणि सोबत बी-१२ जीवनसत्त्वही. कारण शाकाहारी मंडळींत, विशेषतः दूधदुभते बेताचे असलेल्यांत, आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते घटते. आंगठा आणि लगतची दोन बोटे रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल व हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात मज्जातंतू दबला आहे असे समजण्यास हरकत नाही.

एका गोष्टीविषयी मला कळकळीने लिहावयाचे आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तेथे रक्त खेळते करण्यासाठी तेल चोळत बसणे घातक होय. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, तो आजही नव्याने आढळतो. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची औषधे विनामूल्य मिळतात, रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावी लागतात, आणि त्यांनी रोग पूर्ण बरा होतो. विलंबामुळे मेलेला मज्जातंतू मात्र कोणत्याही औषधाने जिवंत होत नाही. लाज आणि भीती यांपायी किती बोटे व्यर्थ झडली असतील, याचा विचार मन विषण्ण करतो.

रक्ताचा दोष निःसंशय धरावा असे प्रसंग दोन, आणि दोन्ही आकस्मिक. एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा एकाएकी बधिर अथवा लुळा झाला, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील खंड समजावा. गुठळी विरघळवणारे औषध द्यावयाचे, तर ते सामान्यतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. एखादा पाय अचानक दुखू लागून गार, पांढराफटक आणि बधिर झाला, तर त्याची धमनी बंद पडली आहे, आणि तो वाचवण्याची मुदत साधारण सहा तासांची असते. अशा वेळी शेक, तेल, घरगुती काढा यांत एक क्षणही घालवू नये. बधिरता दहा मिनिटांत आपोआप ओसरली, तरीही त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे, एवढी वाचकांना विनंती आहे.