मुलाच्या ट्रंकेत बॅट राहू द्या!



आपली मुलं आता व्यवस्थापन शास्त्र शिकायला बाहेर पडू लागली आहेत. मुलगा निघाला की बाप बजावतो, "दोन वर्षं खेळबिळ बंद!" बापाचंही खोटं नाही, उसाच्या बिलातून फी भरायची म्हणजे जीव वर-खाली होतोच.

पण हा अभ्यास कसा असतो ते पाहा. १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने 'केस' पद्धत हार्वर्डकडून घेतली. एखाद्या उद्योगापुढची अडचण लिहून देतात. ती आधी वाचायची, चार जणांत बसून खल करायचा आणि वर्गात आपला निर्णय मांडायचा. एकट्याचे हे काम नव्हे. एकमेकांवर विश्वास लागतो, आणि तो मैदानावर लवकर जमतो.

हर्षा भोगले यांचेच उदाहरण घ्या. हैदराबादच्या मराठी घरातला हा मुलगा रसायन अभियांत्रिकी शिकला, उस्मानिया विद्यापीठाकडून क्रिकेट खेळला, एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवर समालोचन करू लागला. १९८५ साली अहमदाबादची पदविका घेतली, पण क्रिकेट सोडले नाही. पत्नी अनिता याही तिथल्याच सहाध्यायी. २०११ साली दोघांनी मिळून खेळातून व्यवस्थापन सांगणारे 'द विनिंग वे' हे पुस्तक लिहिले.

सगळेच हर्षा होणार नाहीत. पण उसालाही नुसतं पाणीच देत राहिलं तर मुळं कुजतात, वाफसा लागतोच. तेव्हा बॅट राहू द्या, आणि रविवारी फोनवर मार्कांआधी "जेवलास का?" एवढं विचारा.