वरची नोंद पुसली, तर खालच्यांचे काय?

सिल्वासा : दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एक झाले. कायद्याच्या दृष्टीने हे काम २०१९च्या विलीनीकरण अधिनियमाने पूर्ण केले. संगणकातील नोंदींचे काम मात्र तिथून सुरू झाले. वस्तू व सेवा कराच्या पंधरा अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. दमण-दीवचे २५ होते, आपले २६. प्रदेश एकच उरल्यावर २५ची नोंद काढून टाकावी, हे कोणालाही सुचेल. आणि ते काम एका ओळीच्या आज्ञेने होण्याजोगे आहे. पण त्या २५च्या खाली दमण-दीवमधील प्रत्येक नोंदणीकृत कारखाना आणि दुकान होते. वरची नोंद पुसल्यावर त्या सर्वांचे काय होणार, हा प्रश्न त्या ओळीत कुठेच दिसत नाही.

शासकीय माहिती बहुधा उतरंडीसारखी रचलेली असते. प्रदेशाखाली जिल्हा, जिल्ह्याखाली तालुका, मग गाव आणि गावाखाली पाडा. आपल्याकडे खानवेल, दुधणी, किलवणी, नरोली या पटेलादींत गावांचे गट होते, तीही याच प्रकारची एक पायरी. प्रत्येक नोंदीला वर एकच पालक आणि खाली कितीही अपत्ये. (घरातल्या उतरंडीत तळचे मडके ओढले की वरची कोसळतात. संगणकातील उतरंड उलटी, शेंड्याला टांगलेली असते.)

या रचनेचा जुना आणि प्रसिद्ध नमुना म्हणजे आयबीएम कंपनीची आयएमएस ही प्रणाली. अपोलो चांद्रमोहिमेच्या अग्निबाणाला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी तिचे काम १९६६मध्ये सुरू झाले आणि १९६८मध्ये ती चालू झाली. मोठ्या भागाखाली लहान भाग, त्याखाली आणखी लहान, अशी ती यादी होती. तिच्यात नोंद काढण्याचा नियम कठोर आहे : पालक काढला की त्याची सारी अपत्ये, नातवंडे, पतवंडे आपोआप जातात. इंजिनच रद्द झाले तर त्याचे सुटे भाग यादीत ठेवून काय करायचे, हा विचार त्यामागे होता. मात्र त्यासोबत एक अटही घातलेली आहे. काढायची नोंद आधी शोधून ‘धरून’ ठेवावी लागते. न धरता ती काढता येत नाही.

आज बहुतेक ठिकाणी माहिती तक्त्यांत असते आणि तिच्याशी एसक्यूएल या प्रश्नभाषेत बोलले जाते. उतरंड इथेही असते. फरक इतकाच, की प्रत्येक ओळीत आपल्या पालकाचा क्रमांक लिहिलेला असतो. ‘डिलीट फ्रॉम गावे व्हेअर पटेलाद = खानवेल’ असे लिहिले की त्या गटातील गावांच्या ओळी जातात. ‘व्हेअर’पासूनचा भाग लिहायचा राहिला, तर सगळीच गावे जातात. व्याकरण शुद्ध असल्याने संगणक तक्रार करत नाही.

गावांखालच्या पाड्यांचे काय करायचे, हे तक्ता रचतानाच ठरवावे लागते. ‘कॅस्केड’ निवडले तर गावासोबत पाडेही जातात. ‘रिस्ट्रिक्ट’ निवडले तर खाली एक जरी पाडा असला तरी गाव काढता येत नाही. तिसऱ्या पर्यायात पाडे राहतात, पण त्यांच्या पालकाचा रकाना रिकामा होतो. पाडा आहे, पण तो कोणत्या गावचा हे कोणालाच ठाऊक नाही. कार्यालयांतील वापरकर्त्यांची सूची ठेवणाऱ्या एलडॅप या पद्धतीत तर नियमच आहे, की फक्त पान काढता येते, फांदी नाही. खालून वर पाने खुडत यावे लागते. काम वेळखाऊ होते, पण माझ्या मते नागरिकांच्या नोंदींसाठी हीच शिस्त योग्य आहे.

२०२०मध्ये करव्यवस्थेने घेतलेला मार्ग याच शिस्तीचा होता. दमण-दीवच्या करदात्यांना २६ने सुरू होणारे नवे क्रमांक मिळाले. जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेले करश्रेय नव्यावर नेण्याची सोय झाली. या संक्रमणाची मुदत आधी ३१ मे होती, ती ३१ जुलैपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे आधी अपत्ये नव्या पालकाकडे नेली, मग जुने घर बंद केले. गंमत अशी, की वाहनांच्या बाबतीत नेमके उलट घडले. तिथे आपला ‘डीएन’ गेला आणि दमणचा ‘डीडी’ राहिला. आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत तर दोन्ही जाऊन ‘डीएच’ आले. एकाच विलीनीकरणाची तीन उत्तरे निघाली, आणि या तीन याद्या एकमेकींशी जुळवणाऱ्याला हे तिन्ही बदल ठाऊक असावे लागतात.

प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेवर घरातील सर्वांत ज्येष्ठ प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख असते. एखाद्या प्रणालीत प्रमुख ही पालक-नोंद आणि बाकीचे सदस्य तिची अपत्ये असतील, तिथे ‘कॅस्केड’ असेल आणि आजींच्या निधनानंतर कोणी त्यांची नोंद सरळ काढली, तर जिवंत माणसेही धान्याच्या यादीतून जातील. आधी सुनेला प्रमुख करायचे, सदस्य तिच्याखाली न्यायचे, मगच आजींची नोंद मिटवायची. खरे तर तेव्हाही ती पुसू नये. ‘मृत’ अशी खूण आणि तारीख टाकून ठेवावी, म्हणजे पुढे वारसाच्या कामी येते.

म्हणून जाणकार मंडळी ‘डिलीट’ लिहिण्यापूर्वी त्याच अटीसह ‘सिलेक्ट’ चालवतात. ही आज्ञा काही पुसत नाही, फक्त दाखवते. उतरंड खोल असेल तर ‘विथ रिकर्सिव्ह’ ही १९९९च्या मानकातील रचना पायरीपायरीने शेवटच्या पाड्यापर्यंत जाऊन पूर्ण यादी देते. यादीत बारा ओळी अपेक्षित असताना बाराशे दिसल्या, तर थांबायचे. त्यानंतरही पुसण्याचे काम व्यवहाराच्या चौकटीत करायचे. किती ओळी गेल्या तो आकडा पाहायचा आणि तो जुळला तरच ‘कमिट’ म्हणायचे. जुळला नाही तर ‘रोलबॅक’, आणि सगळे पूर्ववत होते. ‘कमिट’नंतर मात्र जुन्या प्रतीखेरीज आधार नाही, आणि ती प्रत कालची आहे की सहा महिन्यांपूर्वीची, हे पुसण्याआधीच विचारून घ्यावे.