देखभालसुलभ कोडलेखन आणि सॉफ्टवेअर विकसकाची जडणघडण

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालला आणि पडद्यावर अपेक्षित उत्तर उमटले, की परीक्षकाचे समाधान होते. वास्तविक प्रोग्रामच्या आयुष्यातील हा पहिला क्षण असतो. परीक्षेपुरता मात्र तोच शेवटचा ठरतो. व्यवसायक्षेत्रातील स्थिती याहून अगदी वेगळी आहे. तेथे एकदा वापरात आलेला प्रोग्राम वर्षानुवर्षे वापरला जातो, नियम बदलले की त्यालाही बदलावे लागते आणि हा बदल करणारी व्यक्ती बहुधा मूळ लेखक नसते. इंपिरियल कॉलेजमधील एम. एम. लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या सॉफ्टवेअर-उत्क्रांतीच्या नियमांपैकी पहिला नियम हेच सांगतो : वापरातील प्रोग्राम सतत बदलत राहिला नाही, तर तो उत्तरोत्तर निरुपयोगी होत जातो.

म्हणजेच कोड चालतो यंत्रावर. परंतु तो वाचतो माणूस. या साध्या वस्तुस्थितीतून स्वच्छ कोडलेखनाची सर्व तत्त्वे निघतात. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र या वाचकाला अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. स्वच्छ कोड या संकल्पनेची वाटचाल थोडक्यात पाहणे.
२. तिची प्रमुख तत्त्वे परिचित उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे.
३. विकसकाच्या वाढीशी आणि महाविद्यालयीन अध्यापनाशी असलेला तिचा संबंध तपासणे.

संकल्पनेची वाटचाल

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा ठळकपणे पुढे आली. प्रोग्राम मोठे होत होते आणि ते माणसाच्या आकलनाबाहेर चालले होते, ही त्यामागील चिंता होती. त्याच वर्षी एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेच्या स्वैर वापरावर टीका केली. या आज्ञेमुळे प्रोग्रामचा प्रवाह वाचकाला मागोवा घेता येणार नाही असा गुंततो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नस यांनी प्रोग्रामची विभागणी कशी करावी, याचा निकष दिला : जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका विभागात झाकून ठेवावा, म्हणजे बदलाची झळ इतरांना लागत नाही. १९८४ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी तर प्रोग्रामकडे माणसांसाठी लिहिलेले साहित्य म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. मार्टिन फाउलर यांचा रिफॅक्टरिंगवरील ग्रंथ १९९९ मध्ये आणि रॉबर्ट मार्टिन यांचा ‘क्लीन कोड’ हा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे हा विचार सर्वसामान्य विकसकांपर्यंत पोहोचला.

अस्वच्छतेची किंमत

कोडची स्वच्छता हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या प्रणालीतील एक दोष उघडकीस आला. सुरक्षित जोडणीसाठी समोरच्या संगणकाची ओळख पडताळणाऱ्या कोडमध्ये ‘गो टू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. सी भाषेत महिरपी कंस नसतील, तर अटीचा अंमल तिच्यानंतरच्या एकाच विधानावर चालतो. त्यामुळे दुसरी ओळ अटीविना प्रत्येक वेळी अमलात येई. पुढील महत्त्वाची तपासणी वगळली जाई आणि तरीही ‘दोष नाही’ असाच निष्कर्ष परत मिळे. दुसरी ओळ पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांनाही ती अटीखालीच आहे असे वाटत असे. कंस देण्याची सवय, चुकीची सही नाकारली जाते की नाही हे पाहणारी एखादी चाचणी किंवा सहकाऱ्याचे काळजीपूर्वक वाचन, यांपैकी कोणत्याही एका गोष्टीने हा दोष रोखता आला असता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे आहे. अनेक वर्षे वापरात नसलेला जुना कोड तेथे काढून न टाकता तसाच ठेवलेला होता. तो सुरू करणारे चिन्ह नव्या सुविधेसाठी पुन्हा वापरण्यात आले आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. नको असलेला कोड निरुपद्रवी असतो, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

प्रमुख तत्त्वे : निकालपत्रकाचे उदाहरण

महाविद्यालयाचा निकाल तयार करणारा एक प्रोग्राम विचारात घेऊ. त्यात ‘एक्स’, ‘वाय’, ‘टी’ अशी एकाक्षरी व्हेरिएबल आहेत आणि ४० ही संख्या अनेक ठिकाणी थेट लिहिलेली आहे. उत्तीर्णतेची मर्यादा ३५ झाली, असे समजू. नवा विकसक शोधून-बदलण्याची सोय वापरून सर्वत्र ४० च्या जागी ३५ करतो. प्रोग्राम चालतो, परंतु काही ठिकाणी ४० म्हणजे उत्तीर्णतेचे किमान गुण नव्हते, तर ६०:४० पद्धतीतील अंतर्गत मूल्यमापनाचे कमाल गुण होते. परिणामी अंतर्गत परीक्षेत ३८ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद प्रोग्राम अग्राह्य ठरवतो. ‘उत्तीर्णतेचे किमान गुण’ आणि ‘अंतर्गत परीक्षेचे कमाल गुण’ अशी दोन नावे देऊन प्रत्येक मूल्य एकाच ठिकाणी लिहिले असते, तर ही चूक घडली नसती. नाव देणे म्हणजे अर्थ नोंदवणे होय.

दुसरे तत्त्व कार्यविभागणीचे. गुण वाचणे, निकाल ठरवणे आणि निकालपत्रक छापणे ही तिन्ही कामे एकाच फंक्शनमध्ये कोंबलेली असतील, तर छपाईचा नमुना बदलतानाही निकालाच्या नियमाला धक्का लागण्याची भीती राहते. निकाल ठरवण्याचे काम वेगळे केले, की ते छपाईविना तपासता येते. ३९, ४० आणि ४१ गुणांवर काय घडते? गैरहजर विद्यार्थी आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यांत प्रोग्राम भेद करतो का? अशा चाचण्या एकदा लिहून ठेवल्या, की पुढील प्रत्येक बदलानंतर त्या क्षणात चालवता येतात. जुन्या कोडला हात लावण्याचे धैर्य विकसकाला या चाचण्यांतूनच मिळते.

तिसरे तत्त्व टिपांचे. ‘येथे एक मिळवला’ ही टीप निरर्थक आहे, कारण तेवढे कोडच सांगतो. ‘दोनपेक्षा अधिक विषयांत अनुत्तीर्ण असल्यास ग्रेस गुण लागू नाहीत’ असा नियम आणि त्यामागील परिपत्रकाचा संदर्भ देणारी टीप मात्र अमूल्य ठरते. कोड काय करतो हे कोडने सांगावे. का करतो हे टिपेने सांगावे.

मर्यादांचे भान

तत्त्वांचा अतिरेकही टाळायला हवा. प्रत्येक दोन ओळींचे वेगळे फंक्शन केल्यास वाचकाला एका साध्या क्रियेसाठी दहा ठिकाणी फिरावे लागते. जॉन औस्टरहाउट यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात अशा अतिविभाजनावर टीका केली असून, साध्या दर्शनी रूपामागे भरीव काम करणारे विभाग असावेत, असे प्रतिपादन केले आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये दिलेली कर्जाची उपमाही येथे मार्गदर्शक ठरते. गरजेपोटी घाईने लिहिलेला कोड हे कर्ज आहे. ते घेणे गैर नाही, पण ते वेळेवर न फेडल्यास पुढील प्रत्येक बदलावर व्याज भरावे लागते.

विकसकाची वाढ

नवी भाषा किंवा नवे साधन शिकणे म्हणजेच प्रगती, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये याहून खोल विचार मांडला. त्यांच्या मते प्रोग्रामचे खरे ज्ञान कोडच्या मजकुरात पूर्णपणे उतरत नाही. प्रोग्राम असाच का आहे आणि नव्या गरजेनुसार तो कसा वळवावा, ही समज तो घडवणाऱ्यांच्या मनात असते. तो संघ पांगला की प्रोग्राम चालू असूनही एका अर्थाने मृत होतो. स्वच्छ कोड ही हानी पूर्णपणे भरून काढू शकत नाही; परंतु नव्या माणसाला त्या समजेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी ठेवतो.

म्हणूनच विकसक वाढतो तो मुख्यतः तीन मार्गांनी : इतरांचा कोड वाचून, स्वतःचा कोड इतरांना वाचायला देऊन आणि आपलाच जुना कोड काही महिन्यांनी पुन्हा सुधारून. पहिल्या मार्गासाठी मुक्त स्रोत प्रकल्प सर्वांना खुले आहेत. दुसरा मार्ग काहीसा कठीण आहे, कारण कोडवरील टीका ही स्वतःवरील टीका वाटते. हा संकोच ओलांडणे हीच परिपक्वतेची सुरुवात होय. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत कोड लिहून देतात. त्यामुळे लिहिण्याचे श्रम कमी झाले असले, तरी वाचून पारखण्याची जबाबदारी वाढली आहे. जो कोड कोणाच्याच मनातून गेलेला नाही, तो समजून घेणारा माणूस नंतर कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच.

अध्यापनासाठी काही सूचना

१. प्रात्यक्षिक परीक्षेत कोऱ्या पडद्याऐवजी एक अपरिचित, चालू प्रोग्राम देऊन त्यात विशिष्ट बदल करण्यास सांगावे.
२. विद्यार्थ्यांनी एकमेकांचा कोड वाचून लेखी अभिप्राय द्यावा आणि त्या अभिप्रायालाही गुण असावेत.
३. पदवीच्या अंतिम वर्षी ग्रंथालय किंवा प्रवेशप्रक्रियेचा प्रकल्प दरवर्षी नव्याने करून घेण्याऐवजी मागील तुकडीचा प्रकल्प पुढील तुकडीकडे सोपवावा. गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनात त्याचा इतिहास जपला, की कोणता बदल कोणी व का केला, हेही कळते.

निष्कर्ष

वरील तिसऱ्या सूचनेसाठी नवा निधी लागत नाही, नवी प्रयोगशाळाही लागत नाही. लागते ती केवळ मूल्यमापनाची दृष्टी बदलण्याची तयारी. मागील तुकडीने सोडलेल्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ यांचा अर्थ शोधण्यात ज्याचे आठ दिवस गेले, त्या विद्यार्थ्याला चांगल्या नावाचे महत्त्व व्याख्यानातून पटवून द्यावे लागत नाही. आपल्यानंतर हा कोड कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव विद्यार्थ्यात रुजवणे हे संगणकशास्त्राच्या अध्यापकाचे महत्त्वाचे कार्य आहे. उत्तर बरोबर आणणारा विद्यार्थी प्रोग्रामर होतो; पुढच्या वाचकाचा विचार करणाराच विकसक म्हणून घडतो.